दंतवैद्याचं अंगण

सकाळी चहाच्या आधीच चष्मेवाला इतका खुशीत दिसला, की बायकोने विचारलं, "काय झालं? भावोजींचा दवाखाना बंद पडला की काय?"

"त्याहून बरं," असं म्हणत त्याने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला.

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पेशाने दंतवैद्य आणि नात्याने चष्मेवाल्याचे साडू. दोघांनाही निवडुंगांचं वेड. इंटरनेटवर निवडुंगवाल्यांचं एक जाळं होतं, पण त्याला कुणी एक मालक नव्हता. ज्याला हौस त्याने आपला सर्व्हर लावायचा, त्याला अंगण म्हणायचं, आपले नियम करायचे आणि शेजारच्या अंगणांशी गप्पा मारायच्या. पहिलं अंगण चष्मेवाल्याने उघडलं. साडूंना सगळं त्यानेच शिकवलं, आणि साडूंचं अंगण बघता बघता त्याच्या दसपट भरलं. तेव्हापासून बिचाऱ्याच्या पोटात दुखत होतं.

आणि आज साडूंच्या अंगणात 'काटेसम्राट' नावाच्या इसमाने लिहिलं होतं, 'बाहेरून आलेल्या लोकांची जमातच अशी. त्यांच्या हातून झाड जगत नाही. त्यांना कुठल्याच अंगणात घेऊ नये.'

"शी," बायको म्हणाली. "तक्रार टाका. भावोजी काढतील त्याला."

"एकट्याला काढून काय होतंय? अख्ख्या अंगणाशीच जोडणी तोडतो."

"अहो, चांगली माणसंही आहेत तिथे. आमची ताई आहे."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व हा शब्द त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच वापरला होता. त्याने बटण दाबलं, साडूंचं अंगण तोडलं आणि 'द्वेषाला थारा नाही' अशा मथळ्याची लांबलचक घोषणा टाकली. मग दोन कप चहा प्यायला.

साडूंनी काटेसम्राटाला अर्ध्या तासात हाकललं आणि सगळ्यांची माफीही मागितली. हे चष्मेवाल्याला दुकानात एका गिऱ्हाइकाकडून कळलं, कारण तोडलेल्या अंगणातलं अक्षरही आता त्याला दिसत नव्हतं. त्याच्या सदस्यांनाही दिसत नव्हतं. कुणाच्या निवडुंगाची मुळं कुजत होती आणि सल्ला देणारे सगळे पलीकडे होते. त्याने नाइलाजाने पुन्हा जोडायचं ठरवलं, तर एकदा तुटलेल्या ओळखी आपोआप जुळत नाहीत, ज्याने त्याने पुन्हा जुळवायच्या, असं कळलं. एवढी यातायात करण्यापेक्षा लोक सरळ बिऱ्हाड उचलून साडूंकडे निघाले. संध्याकाळपर्यंत निम्मं अंगण रिकामं झालं. मत्सराने त्याचा जीव नुसता जळत होता. रागाच्या भरात त्याने जोडणं राहू दिलं आणि एक पोस्ट लिहिली.

रात्री जेवताना मोबाइल उघडला, तर त्याला त्याच्याच अंगणात प्रवेश मिळेना.

"अगं, हे बिघडलं वाटतं."

"बिघडलेलं नाही," बायको आमटी वाढत म्हणाली. "तुम्हाला आठवड्यासाठी बाहेर काढलंय."

"कुणी?"

"मी. देखरेखीला तुम्हीच नेमलंत ना मला? भावोजींकडे देखरेखीला माणूस आहे, मग आपल्याकडेही हवा म्हणालात."

"अगं पण मी केलं काय?"

तिने वाचून दाखवलं. "'दंतवैद्यांची जमातच अशी. दुसऱ्याच्या तोंडात हात घालायची सवय. त्यांना कुठल्याच अंगणात घेऊ नये.' सरसकट कुणाला नावं ठेवली तर बाहेर, असा नियम आहे आपला."

"मी मालक आहे."

"मालकाला सूट असं लिहिलेलं नाही. तक्रार आली होती."

"कुणाची?"

"ते सांगायचं नाही, हाही तुमचाच नियम."

"कुणालाच आवडली नाही ती पोस्ट?"

"एकाने बदाम दिला होता. आजच आलेला नवा सदस्य. दुपारी तुम्हीच घेतलंत ना त्याला, काही न विचारता? काटेसम्राट होता तो, नाव बदललेला. त्यालाही काढलं."

चष्मेवाल्याने ताट बाजूला सारलं. सर्व्हर दुकानात त्याच्याच टेबलाखाली होता, मनात आणलं असतं तर तो आत शिरू शकला असता. पण मग सगळीकडे काय बोभाटा झाला असता, ते त्याला कळत होतं. आपल्यामागे आपल्याच अंगणात लोक काय बोलताहेत, या विचाराने मात्र त्याला राहवेना. दुसऱ्या एखाद्या अंगणातून डोकावून बघावं म्हणून त्याने सगळ्यात भरलेल्या अंगणाचं, म्हणजे साडूंच्या अंगणाचं सदस्यत्व घेतलं. खोटं नाव घेणं त्याच्या तत्त्वात बसलं नाही.

आत गेल्यावर डोकावायला काही नव्हतंच. या दोन अंगणांमधला रस्ता त्याने स्वतःच तोडला होता.

बाहेर पडायला तो बटण शोधत होता, तेवढ्यात साडूंची पोस्ट आली. 'मंडळी, आज आपल्याकडे माझे साडू आले आहेत. निवडुंग आणि अंगण, दोन्ही मला यांनीच शिकवलं. त्यांना काही कमी पडू देऊ नका.'

खाली बदामांचा पाऊस सुरू झाला. दहा, वीस, पन्नास. जुने सदस्य, ताई, मुळं कुजलेला तो गृहस्थसुद्धा. चष्मेवाल्याचे डोळे खरोखर भरून आले. आयुष्यात त्याला इतके बदाम कधी मिळाले नव्हते.

मग त्याने चष्मा पुसून नीट पाहिलं. बदाम सगळे साडूंच्या पोस्टला होते.