बेचाळिसावा स्क्रू

आपल्या कंपनीने नवा गेमिंग कन्सोल बाजारात आणला, त्याच दिवशी समोरच्या कंपनीनेही आणला. नियमाप्रमाणे समोरच्यांचा एक नग तुलना विभागात दाखल झाला. तुलनाधिकाऱ्यांनी तो उघडला, आतलं सगळं टेबलावर ओळीने मांडलं. दोन्ही यंत्रं हुबेहूब सारखी होती.

बाब गंभीर होती. विहित नमुन्यात रकाने दोनच : 'आपण कुठे पुढे' आणि 'ते कुठे मागे'. 'सारखेच' असा रकाना नव्हता. शिवाय फरकच नसेल तर हा विभाग हवा कशाला, असं साहेबांनी गेल्याच महिन्यात परिपत्रक काढून विचारलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या माणसाला असले प्रश्न झेपत नाहीत.

त्यांनी स्क्रू पुन्हा मोजले. आपले बेचाळीस, त्यांचे एकेचाळीस. जीव भांड्यात पडला. अहवाल वर गेला, आणि मग बुटाखाली काहीतरी करकरलं. पाहतात तर बेचाळिसावा. त्यांनी तो गुपचूप खिशात टाकला.

आठवड्याभरात आपल्या खोक्यावर ठळक अक्षरं झळकली : 'एक स्क्रू जास्त'. समोरच्यांची तारांबळ उडाली. त्यांनी साठ स्क्रूंचा कन्सोल काढला, आपण नव्वदचा. परीक्षणं लिहिणारे स्क्रूड्रायव्हर घेऊन हिंडू लागले. दीडशेव्या स्क्रूला जागा पुरेना, तेव्हा तज्ज्ञ समितीने पाहणी करून गेमची चकती आत सरकवायची फट बुजवली. तक्रार एकही आली नाही. तुलना विभागाला आणखी एक मजला मिळाला.

घरी मात्र पंचाईत झाली. तुलनाधिकाऱ्यांची भाची समोरच्यांची कट्टर चाहती.

"मामा, आमचे एकशे साठ झाले."

"बरं. पण तू खेळतेस कधी?"

"खेळायला वेळ कुणाला आहे? तुमची माणसं वाट्टेल ते लिहितात, त्यांना उत्तरं कोण देणार?"

लहानपणापासूनच्या मैत्रिणीशी तिने अबोला धरला होता. मैत्रीण आपल्या कंपनीच्या गटातली निघाली होती. मामांना फार वाईट वाटलं. ती मैत्रीण त्यांच्या घरातच वाढल्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांसमोर तो स्क्रू ठेवला, शेजारी राजीनामा ठेवला. "चूक माझी, साहेब. दोन्ही पहिल्यापासून सारखेच आहेत."

"ठाऊक आहे. एकाच कारखान्यात बनतात."

"मग लोकांना सांगून टाकू या."

"सांगा की," साहेब म्हणाले. "काही फरक पडत नाही."

कबुली पहिल्या पानावर छापून आली. समोरच्यांचे चाहते दुप्पट चिडले, कारण त्यांचा स्क्रू लपवला गेला होता. आपले चाहते दुप्पट फुगले, कारण कबुली देण्याचा प्रामाणिकपणा आपल्याच कंपनीकडे होता. समोरच्यांनी लगोलग दोन चुका कबूल केल्या. साहेबांनी राजीनामा फाडला, नवा कबुली विभाग उघडला आणि तुलनाधिकाऱ्यांना पाच वर्षांची मुदतवाढ देऊन त्याचे प्रमुख केलं. भाचीने मैत्रिणीसोबतचे फोटोसुद्धा काढून टाकले.

या गोष्टीत कुठल्याच कंपनीचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तरीही 'आपली' कोणती, हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात ठरवलंत, आणि समोरच्यांनी साठ स्क्रू लावले तेव्हा तुम्हाला जरा रागच आला.