कुंपणावरची सब्बल

आमचे घरमालक शालिकभाऊ दर रविवारी सकाळी कुंपणाचा एक धडधाकट खुंटा उपटतात आणि त्याच खड्ड्यात पुन्हा रोवतात. मी वरठीला नवा आलो तेव्हा वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे.

मी कोल्हापूरकडचा. नववीत शाळा सुटली, काम शोधत इथल्या पोलादाच्या कारखान्यात आलो. पहिल्याच महिन्यात तापानं पडलो, तर या एकट्या माणसानं आठ दिवस मला पेज करून पाजली. सोबत जगाचं राजकारणही पाजलं.

टीव्हीवर चीन-अमेरिका गुरगुरले की भाऊ माझा मोबाइल उलटा करून बघणार. "हे कुठं बनलं? मंग? आपल्याच गिऱ्हाइकावर कोणी बॉम्ब टाकन का? झोप तू. लढाई होत नाही."

एकदा टपरीवर कुणीतरी टोकलं, "काहून भाऊ, युरोपवाले रशियाचा गॅस घेतच होते ना? तरी तोफा वाजल्याच!"

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माल येऊन राहिला म्हणून लढाई थांबत नाही, बाबू. उद्याही लागन अन् उद्याही भेटन, या भरवशावर थांबते. भरवसा गेला का मंग गॅस असो का गूळ."

शेजारी त्यांचे धाकटे भाऊ मोतीराम राहतात. शेताच्या बांधावरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. फक्त रविवारी कुंपणावरून आरोळी जाते, "मोत्या, सब्बल दे!" सब्बल म्हणजे आमच्याकडची पहार. पलीकडून उत्तर येतं, "घे. अन् पाखडायले सूप पाठव." झालं आठवड्याचं बोलणं.

यातली मेख मला कुठली कळायला! पेजेचे उपकार डोक्यावर होते, म्हणून पगार होताच बाजारातून कोरी पहार आणून भाऊंपुढे ठेवली. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"काय करून बसला बे! आता त्याले मागू काय?"

पहार माझ्या खाटेखाली गेली, वर पोतं पडलं. मी हादरलो. वाटलं, आता खोलीही जाते.

रविवारी आरोळी गेली. उत्तराऐवजी मोतीरामभाऊच कुंपणाशी आले.

"तुह्या घरी नवी आली म्हणते."

भाऊंनी खुंटा घट्ट धरला. "ते या बाबूची आहे. कोल्हापूरकडची. आपल्या मातीत चालत नाही ते."

मोतीरामभाऊंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी घाईघाईनं मान हलवली. नाही चालत.

"मंग घे." सब्बल कुंपणावरून अलीकडे आली. "अन् सूप पाठव. माह्याकडे एकही नाही."

त्यांच्या मागे, ओसरीच्या भिंतीवर, तीन कोरी सुपं टांगलेली होती.

मी भाऊंचं सूप आणायला आत पळालो.