ढगे अण्णांचे रविवारचे फेरे

ढगे अण्णा कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, की आधी पार्किंगमध्ये जातात. यजमानाची गाडी शोधतात, खांद्यावरचा टॉवेल फरशीवर अंथरतात आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरतात. आमच्या मोशीच्या सोसायटीत नवीन भाडेकरू आला की पहिल्याच आठवड्यात वॉचमनला त्याचा घाबराघुबरा फोन जातो, "अहो, माझ्या गाडीखालून कुणाचे तरी पाय बाहेर आलेत!" वॉचमन शांतपणे विचारतो, "पायात चामडी वहाण आहे का? मग असू द्या."

गाडीखाली अण्णा रबर बघतात. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, ड्राइव्हशाफ्ट, त्याच्या टोकाला सांधा असतो. सांध्यात ग्रीस आणि त्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट. हा बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि मग वळणावर सांधा कटकट वाजायला लागतो. एवढंच काय ते शास्त्र. पण अण्णांच्या तोंडून ते ऐकताना माणूस आपलेच गुडघे चाचपून बघतो.

"गाडीचा सांधा आन् माणसाचा सांधा, येकच बगा. वंगण हाय तवर चालंल का? चालंल! वंगण गेल्यावर चालंल का? न्हाई चालणार!"

प्रश्न तेच विचारतात, उत्तरही तेच देतात. समोरच्याला तोंड उघडायची सोयच नाही. आणि आवाज असा, की अण्णा पार्किंगमध्ये बोलले की सहाव्या मजल्यावर कणीक मळणारी माझी बायको "हो ना" म्हणते. लातूरकडून आलेला माणूस, भोसरीतल्या फोर्जिंगच्या कारखान्यात तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर जन्म काढलेला. तिथं ओरडूनच बोलावं लागत असणार, तीच सवय राहिली, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली होती.

अण्णांची स्वतःची गाडी जुनी, पण चारही चाकांना जोर देणारी. म्हणजे शाफ्ट जास्त, सांधे जास्त, रबरी बूट साध्या गाडीच्या दुप्पट आणि अण्णांचा आनंदही दुप्पट. ही गाडी आजवर डांबरी रस्ता सोडून कुठं गेलेली नाही. फार तर चाकणच्या बाजारात कांदे आणायला जाते. पण निगा अशी, की उद्या सकाळी हिमालय चढायचाय. ती धुवायची तीसुद्धा खालून. "वरून काय, पाऊस बी धुतोय!" ग्रीसचा नवा डबा उघडला की चिमूटभर बोटांत घेऊन चोळतात, डोळे मिटून वास घेतात. बिर्याणीचासुद्धा इतक्या भक्तीनं वास घेतलेला मी पाहिला नाही.

त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा हिंजवडीत नोकरीला, राहायला मारुंजीत. पोहे झाले, चहा झाला, पण अण्णांचा पत्ता नाही. शेवटी नाकाला काळं लावून अण्णा दारात उभे! "पोरगं चांगलं हाय! येक बूट फाटलं हुतं, पर त्यानं येळेवर बदलून घेतलंय. म्हंजे काळजी घेतंय का? घेतंय!" लग्न ठरलं. जावईबापू अजून सांगतात, माझी डिग्री कुणी विचारलीच नाही.

रविवारी सकाळी मात्र अण्णांचा दरबार भरतो. सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर एरवी कांद्याचे ट्रक उभे असतात, रविवारी तो रिकामा असतो. तिथं गाड्यांची रांग लागते. अण्णा गाडीत बसणार, काचा खाली करणार, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवणार आणि गोल गोल फेरे मारणार. शेजारी ढगे काकू. गाडी कुणाचीही असो, काकू शेजारी हव्यातच, आणि त्यांचा हात अण्णांच्या गुडघ्यावर. तरुण पोरं शिट्ट्या मारायची. काकू ढिम्म! दोन-तीन फेरे झाले की करकचून ब्रेक आणि आरोळी, "उजवं! भाईरचं जॉइंट!" गॅरेजवाल्यानं उघडून बघावं, तर नेमकं तेच निघायचं. 'अण्णांचा कान' म्हणून चाकणपर्यंत बोलबाला झाला होता.

अशात मी गाडी घेतली. जुनी, पण चारही चाकांना जोर असलेली! आठवडाभर मला झोप नव्हती. बायकामुलांना घेऊन हिमालयात स्पितीला जायचं ठरलं, पोरांनी कपाटातून स्वेटर काढले. अण्णा गाडीखाली जाऊन आले. "बूट नवंकोरं!" मी नुसती चावी पुढे केली.

"पुढच्या रईवारी," अण्णा म्हणाले. "ती येऊ दे."

काकू बहिणीकडे लातूरला गेल्या होत्या. "अण्णा, काकूंचं काय काम? आम्हाला निघायचंय!" मी चावी त्यांच्या हातात कोंबली आणि स्वतः शेजारी जाऊन बसलो. माझा उत्साह इतका उतू चालला होता, की त्यांचा चेहरा बघायला मला फुरसत नव्हती.

डावीकडे फेरे मारले. सगळं शांत. मग अण्णांनी स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं, आणि माझ्या पायापाशीच आवाज आला. कट, कट, कट. कुणी सुपारी कातरतंय तसा, स्वच्छ.

अण्णा समोर बघत होते. "वाजायलंय का? न्हाई वाजत! गाडी पक्की!"

मला वाटलं, गंमत करतायत. मी हसून त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. आणि ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून सारखे माझ्या हाताकडे बघत होते, माझ्या मांडीवर नुसत्या पडलेल्या हाताकडे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हात उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि प्रत्येक कटला एकेक बोट टेकवत गेलो.

गाडी थांबली. अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलानं घाम पुसला. मग म्हणाले, "डावं. भाईरचं. बूट नवं चढवलंय, पर त्येच्या आतला सांधा धुळीनं आदीच खाल्लाय." इतक्या हळू आवाजात त्यांना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"कान हॅमरनं नेलं, सायेब. नुसता कापूस कोंबून हुभा ऱ्हायलो, काय ऱ्हानार? रईवारचा कान हाय तो तिचा. मी नुसता जॉइंट वळखतो." चावी माझ्या हातात देत म्हणाले, "ऐकू येत न्हाई म्हनल्यावर लोक बोलायचंच सोडतेत. माझ्या बापाला सोडलं हुतं. ओट्यावर बसून मेला बिचारा, समदी आजूबाजूला असून. म्हनून मीच बोलत ऱ्हातो. कुनाला बोलूच देत न्हाई."

 इतकी वर्षं आम्ही त्या प्रश्नोत्तरांच्या नकला करून हसत होतो.

सांधा बदलला, स्पिती झाली, गाडी झकास चालली. मी कुणाला काही सांगितलं नाही. काकूंना कळलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "सांगा की सगळ्यांना! निदान मोठ्यानं तरी बोलतील." म्हणून हे लिहितोय.

परवाच्या रविवारी सगळ्या गाड्या आटोपल्या, तरी अण्णांची गाडी एकटीच गोल फिरत होती. ती तर कधीच वाजत नाही. मी हात दाखवून गाडी थांबवली आणि काकूंच्या खिडकीशी जाऊन विचारलं, मग हे फेरे कशाला?

काकू लाजल्या. शिट्ट्यांना न लाजणाऱ्या काकू! "घरी कामात हात मोकळा असतो का माझा? इथं बसलं की सांगते ह्यांना. कोकिळा ओरडली, कंपनीची बस गेली, कुणाचं पोर रडतंय. बोटांनीच. ह्यांना समदं कळतं."

गाडी पुन्हा फिरायला लागली. मी जाता जाता, अगदी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अण्णा, येतो मी."

काकूंचं बोट गुडघ्यावर हललं. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि सगळ्या प्लॉटला ऐकू जाईल असं ओरडले, "या सायेब, या!"

इतक्या वर्षांत अण्णांनी माझ्या बोलण्याला दिलेलं हे पहिलं उत्तर.