डोमाजीकाका फोन लावतात

आमच्या फाट्यावरून जो मोटारसायकलवाला अगदी सरळ रेषेत गेला, तो पिऊन आहे असं डोमाजी लांजेवार धरून चालत. वेडावाकडा जाणाऱ्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. नवख्याला हे उलटं वाटायचं, पण फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता ज्यानं पाहिला आहे त्याला लगेच पटायचं.

"ज्याले खड्डा दिसते तो वाकडा जाते," काका मला समजावून सांगत. "जो सरळ गेला त्याले खड्डा दिसूनच नाही राहिला. लावा फोन."

हे 'लावा फोन' ते स्वतःलाच म्हणत. मग शर्टाच्या खिशातून बटणांचा मोबाइल काढत, हात लांब करून त्याच्याकडे बघत, आणि पोलिसांचा एकशे बारा नंबर दाबत.

पवनीच्या अलीकडे, या फाट्यावर माझं औषधांचं दुकान आहे. काका माझ्या दुकानापासून थोडं पुढं गतिरोधकापाशी, कडुलिंबाखाली बुंध्याच्या आड खुर्ची टाकून बसत, त्यामुळे रस्त्यानं येणाऱ्याला जवळ येईपर्यंत दिसत नसत. दुपारी तीनला यायचे ते दिवस मावळेपर्यंत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन बालाघाटला. नोकरीत असताना ते कारध्याच्या पुलाजवळ वैनगंगेच्या पाण्याची पातळी वाचायला होते. पट्टीवरचा आकडा बघायचा आणि वर कळवायचा. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना माणसंही पाण्यासारखीच दिसत. कोणी इशाऱ्याच्या खाली, कोणी इशाऱ्याला टेकलेला, कोणी खतऱ्याच्या वर.

फोनवरही ते तसेच बोलत. "नमस्कार. डोमाजी लांजेवार बोलून राहिलो. वेळ सोळा वाजून दहा मिनिटं. वाहन एक, स्वार तीन. दिशा गावाकडे. लेवल खतऱ्याच्या वर. वाढ सुरू आहे."

पलीकडची मुलगी शांतपणे विचारायची, "काका, गाडीचा नंबर सांगता?"

"नंबर प्लेटवर फुलाचा हार आहे बाई. बहुतेक नवरदेव आहे."

हे वेड त्यांना का लागलं यावर गावात बरीच चर्चा होती. कोणी म्हणे, त्यांचा भाऊ अपघातात गेला. कोणी त्यांचा एक मुलगाही मारून टाकला होता, जो कधी जन्मलाच नव्हता. एकदा मीच विचारलं.

"कोणी नाही मेलं माह्यं," काका म्हणाले. "मेल्यावरच सांगावं काय? पाणी वाढून राहिलं की सांगाचं. सांगणाऱ्याचं काम तेवढंच."

त्यांच्या तावडीतून मीही सुटलो नाही. एकदा भंडाऱ्याला जाऊन अक्कलदाढ काढून आलो. अर्धं तोंड बधिर, गालात कापसाचा बोळा, डोकं जड. कधी घरी जाऊन पडतो असं झालेलं, त्यामुळे खड्डे चुकवायचीही शुद्ध नव्हती. सरळ आलो. काकांनी हात केला, "काहून भाऊ, बरं आहे ना?" मी उत्तर दिलं ते मलाच कळलं नाही. दहा मिनिटांत माझ्या दारात पोलिसांची गाडी. त्यांनी नळी पुढं केली, म्हणाले फुंका. मी फुंकायचो आणि हवा बधिर बाजूनं बाहेर जायची. चार वेळा झालं. हवालदाराला वाटलं मी मुद्दाम करतो आहे. शेवटी बायकोनं माझे ओठ एका बाजूनं चिमटीत धरले, तेव्हा कुठं यंत्रावर शून्य उमटलं. फाटकाशी अर्धं गाव उभं होतं.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले. मला वाटलं माफी मागतील.

"झिरो आला म्हणते," ते म्हणाले. "चांगलं झालं. लेवल खाली असली तरी कळवावंच लागते." आणि एक बाम घेऊन गेले.

त्यांचं खरं यश म्हणजे काळीपिवळी जीपची गोष्ट. उन्हाळ्यात एक ड्रायव्हर अकरा माणसं कोंबून निघाला होता आणि त्याला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे आठवत नव्हतं. काकांनी फोन लावला, पुढच्याच गावात पोलिसांनी गाडी अडवली, ड्रायव्हरला उतरवलं. मग ती अकरा माणसं भर उन्हात पायी फाट्यावर आली आणि काकांभोवती उभी राहिली. त्यात एक म्हातारी होती. ती म्हणाली, "तुह्या बापाचं काय जात होतं रे? धीरे धीरे नेऊन राहिला होता बिचारा." एकाची मुलगी बघायला जायची वेळ टळली होती. काकांनी सगळ्यांना माझ्या दुकानातून गार पाणी आणून दिलं. त्यांनी ते पिऊन घेतलं आणि पुन्हा शिव्या दिल्या.

"वाचले ना पण," मी संध्याकाळी म्हटलं.

"त्यायले कुठी माहीत आहे," काका म्हणाले. "न झालेला अपघात दिसते थोडीच."

हळूहळू लोकांनी तोड काढली. फाट्याच्या आधी डावीकडे नहर, म्हणजे कालवा आहे. त्याच्या काठच्या पाळीवरून मातीचा कच्चा रस्ता जातो आणि गावाच्या पाठीमागून आत शिरतो. ज्याच्या पोटात गेली असेल तो पानठेल्यावर चौकशी करायचा, "बुढा बसून आहे काय?" आहे म्हटलं की नहरानं जायचा. पानठेला बंद असला की हीच चौकशी माझ्याकडे होई. मीही सांगायचो. गिऱ्हाईक दुखवून कोण बसतं. शिवाय त्या नळीची आठवण ताजी होती. काकांसमोरचा रस्ता इतका शुद्ध झाला की त्यांचे फोन आठवड्याला एकावर आले, आणि काका खूश होते. "लेवल उतरून राहिली भाऊ," मला सांगायचे. मी मान हलवायचो.

धानाच्या रोवणीचे, लावणीचे दिवस होते. पावणेपाचच्या सुमारास दुकानासमोर ट्रॅक्टर थांबला. आमच्याच गावचा मोरेश्वर चालवत होता. मागच्या ट्रॉलीत रोवण्याच्या बाया, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर घोंगड्या नि प्लास्टिकची खोळ. मोरेश्वर आत आला तो वासासकट. डोकेदुखीची गोळी मागितली.

"बुढा बसून आहे काय पुढं?" त्यानं विचारलं.

मी गोळ्यांची पट्टी कापत होतो. वर बघितलंही नाही. म्हटलं, "आहे."

त्यानं ट्रॅक्टर मागं घेतला आणि नहराकडे वळवला. ट्रॉलीतली एक बाई म्हणाली, "इकडून काहून जाते गा?" तो काय बोलला ते ऐकू आलं नाही.

काका खुर्चीतून उठून उभे राहिले होते. फोन कानाला होता. "डोमाजी लांजेवार बोलून राहिलो. वेळ सोळा पंचेचाळीस. ट्रॅक्टर एक, ट्रॉलीत बाया आठ-नऊ. नहराकडे वळला. लेवल..." इथं ते थांबले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "बाई, लवकर पाठव वं कोणाले. नहर भरून आहे."

आणि ते पळाले. पासष्टी ओलांडलेला माणूस, चपला खुर्चीपाशी सोडून, पाळीवरच्या चिखलातून ट्रॅक्टरच्या मागं पळत गेला. मी काउंटरमागं कात्री हातात धरून उभा होतो.

पोलीस आणि अँब्युलन्स दोन्ही आले, पण त्याआधीच जे व्हायचं ते झालं होतं. अर्ध्या किलोमीटरवर ट्रॉलीचं चाक पाळीवरून घसरलं. रोवणीसाठी पाणी सोडलेलं, नहर काठोकाठ. बाजूच्या भाताच्या बांधीतल्या माणसांनी उड्या टाकून आठ जणींना काढलं. नववी, सीताबाई भोयर, ट्रॉलीखाली सापडली. मोरेश्वरचा हात मोडला. काका छातीभर पाण्यात उभे राहून ट्रॉली उचलू बघत होते, त्यांना दोघांनी धरून बाहेर आणलं.

सीताबाईच्या अंत्यविधीला घाटावर लोक बोलायचं ते बोललेच. मोरेश्वरला दोन शिव्या देऊन झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "बुढा तिथं नसता त' ट्रॅक्टर डांबरी रस्त्यानं आला असता." बऱ्याच जणांनी हुंकार भरला. काका मागं उभे होते. त्यांनी ऐकलं. मीही तिथंच होतो आणि मला तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. माझी दाढ काढून वर्ष होऊन गेलं होतं, तोंड बधिर नव्हतं. तरी मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली खुर्ची नव्हती. पंधरा दिवसांत पिणारे सगळे डांबरी रस्त्यावर परत आले. खड्ड्यांतून सरळ जायचे. एकानं तर गतिरोधकापाशी थांबून रिकाम्या जागेला सलाम ठोकला आणि पानठेल्यावरचे हसले. मला पहिल्यांदा त्या हसण्याची किळस आली, पण मी दुकानाच्या आत सरकण्यापलीकडे काही केलं नाही.

धान निसवायला लागले, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हा मी काकांच्या घरी गेलो. ते अंगणात तांदूळ निवडत बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"काका, त्या दिवशी मोरेश्वरनं मले विचारलं होतं. मी सांगतलं, तुम्ही बसून आहा म्हणून."

ते खडा शोधत राहिले. "माहीत आहे मले," म्हणाले. "तुमच्या दुकानातून निघाला अन् लगेच वळला. मी पाहूनच त' राहिलो होतो."

"मंग पोलिसाले काहून नाही सांगतलं? घाटावर तरी सांगाचं."

"सांगून काय झालं असतं? तुमचं दुकान बसलं असतं. बाई थोडीच आली असती." त्यांनी सूप झटकलं. "अन् लोकं म्हणतेत ते खोटंही नाही. मी रस्ता अडवला, पाणी दुसरीकडून गेलं. तीस वर्षं पाणी पाहिलं मी. एवढं समजाले पायजे होतं."

मी म्हटलं, तुमचा दोष नाही. ते म्हणाले, "बसा, चहा ठेवतो." चहा झाला.  निघताना त्यांनी विचारलं, "श्रावण दिसते काय तुम्हाले फाट्यावर?"

श्रावण भोयर म्हणजे सीताबाईचा नवरा. तो दिसायचा. पूर्वी सणावारालाच घेणारा माणूस आता दुपारीच फाट्यापलीकडच्या दारूच्या दुकानाशी येऊन बसत होता. मूलबाळ नाही. बांधीतलं धान तिनं रोवलेलं होतं, तो तिकडे फिरकतही नव्हता. चार वाजता मोटारसायकल काढायचा आणि जायचा. सरळ.

मी हे काकांना सांगितलं आणि त्याच आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा एकशे बाराला फोन केला. श्रावणसाठी नव्हे, एका टेम्पोवाल्यासाठी.  पलीकडच्या मुलीनं नाव विचारलं, मी दिलं. आता हे फोन मीच करतो. पानठेल्यावर माझ्याबद्दलही बोलणं सुरू झालं आहे, आणि काही जण औषधं पवनीहून आणतात. रस्ता फार सुधारला असं मी म्हणणार नाही. नहरावरची चाकोरी अजून ताजी असते.

काका पुन्हा फाट्यावर येऊ लागले, पण खुर्चीशिवाय. साडेतीनच्या सुमारास येतात, दारूच्या दुकानाशी जातात आणि बाहेर दगडावर बसून राहतात. श्रावण उठला की हात पुढं करतात. पहिल्या दिवशी त्यानं त्यांना ढकललं होतं. काका पडले, उठले, पुन्हा हात पुढं केला. चौथ्या-पाचव्या दिवशी श्रावणनं मुकाट्यानं गाडीची किल्ली दिली.

काकांना गाडी चालवता येत नाही. मग ते दोघं ती ढकलत नेतात. एका बाजूनं श्रावण, दुसऱ्या बाजूनं काका, दोन किलोमीटर. श्रावण मधेच रडतो, मधेच काकांना आईवरून शिव्या देतो, आणि तोल गेला की त्यांच्याच खांद्याला धरतो. एकदा चढावर मी मदतीला गेलो तर काका म्हणाले, "राहू द्या भाऊ. तुम्ही फाट्याकडं पाहा."

"काका, फोन लावा ना सरळ," मी म्हटलं. "असं किती दिवस करसाल? गाडी तरी जप्त होईल."

त्यांनी गाडी थांबवली, दम घेतला. श्रावण पलीकडच्या बाजूला हँडलवर डोकं टेकून उभा होता.

"बाकीच्याइले लावा तुम्ही. बरोबरच आहे ते," काका म्हणाले. "याची गाडी नेली त' हा घरी एकटा पायी जाईन. घरी भात कोण मांडन? मी मांडतो. दोघं जेवतो. हा तिच्याबद्दल सांगत राहते, मी आयकतो. मलेबी घरी कोण आहे."

श्रावणचं पिणं सुटलेलं नाही. ते सुटेल असं काकांनाही वाटत नसावं. जेवण झालं, तो खाटेवर पडला, की काका किल्ली खिशात घालून उजेडातच घरी निघतात. सकाळी ती परत करायला जातात, तेव्हा श्रावण शुद्धीत असतो. त्या वेळी दोघं बोलतात का, हे मी एकदा विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "सकाळी त्याले लाज वाटते. मी किल्ली भिंतीच्या खिट्टीले टांगतो अन् येतो."