जपानी वाढप

देवळीत कृषी केंद्र चालवणाऱ्या बंडूजींनी आपली दोन्ही पोरं नुसत्या डोळ्यांच्या धाकावर वाढवली होती. डोळे वटारले की भूपेंद्र पाढे म्हणायचा, हर्षा झोपी जायची आणि शेजारची म्हैस वैरण तोंडात धरून तशीच उभी राहायची, असं ते स्वतःच सांगत. शेजारी ते नाकारत नसत, कारण डोळ्यांची भीती त्यांनाही होती!

अशा घरात सूनबाईनं जपान आणावा, हा अन्याय नव्हता तर काय होतं?

भूपेंद्रच्या बायकोनं, सपनानं, मोबाइलवर पाहून आपल्या सहा वर्षांच्या सुरभीसाठी जपानी शिस्त सुरू केली. लेकराला खरं काम द्यायचं. समोरचा काय म्हणतो ते ऐकून त्याचा मान राखायला शिकवायचं. आणि चारचौघांत रागवायचं नाही. बाजूला न्यायचं, उकिडवं बसून डोळ्याला डोळा भिडवायचा, हळू आवाजात समजवायचं.

"म्हंजे मी आता उकिडवा बसून नातीची मनधरणी करू काय?" बंडूजी मुलावर उखडले. भूपेंद्र खताच्या पोत्यांमागे गेला तो संध्याकाळीच बाहेर आला. शेवटी, हर्षाचं लग्न जमेपर्यंत तरी घरात आवाज चढवायचा नाही, एवढा शब्द सपनानं सासऱ्याकडून काढून घेतलाच.

हर्षाला पाहायला पवनारहून मंडळी आली. मुलगा आदेश, त्याची आई यशोदाबाई आणि मामा नानाजी. त्या घरात नानाजींच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. हर्षाला मुलगा आवडला होता. जेवण नीट पार पडलं की होकार ठरलेलाच. पाटवडीचा रस्सा झाला आणि पुरणपोळी वाढायचं 'खरं काम' सुरभीकडे आलं.

"पोळी देऊ?" तिनं नानाजींना विचारलं.

"नाई बेटा, बस झालं."

आता आपल्याकडे पहिलं नाही म्हणजे रीत, दुसरं म्हणजे संकोच, आणि तिसऱ्याला ताटावरचा हात आपोआप बाजूला सरकतो. सुरभी मात्र "बरं" म्हणाली, डबा झाकला आणि पुढे गेली. यशोदाबाईंनी हात आडवा धरला, तिथंही "बरं." आदेशनं तर लाजून नुसती मान हलवली. पोळ्यांचा डबा जसाच्या तसा स्वयंपाकघरात परत! सुटलेल्या बसकडे माणूस पाहतो तसे नानाजी त्या डब्याकडे पाहत राहिले.

बंडूजींची कानशिलं तापली. पण शब्द दिलेला. साखरेत घोळलेल्या आवाजात त्यांनी नातीला मागच्या खोलीत बोलावलं आणि ते उकिडवे बसले.

"पाहुण्याचं नाई खरं नसते, बेटा."

"मंग ते खोटं बोलून राह्यले काय?"

"खोटं नाई. मोठ्या माणसाले तसं म्हणाव लागते. तिसऱ्यांदा नाई म्हटलं का वाढून द्याचं."

सुरभीला पटलं, ती पळाली. बंडूजी उठायला गेले, तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. त्या दुपारचा हा एकच नकार खरा होता.

बाहेर सुरभी डबा घेऊन नानाजींसमोर उभी राहिली. "आबाजी म्हणते, तुमचं नाई खरं नसते. तुमचं एकच झालं. अजून दोनदा म्हणा, मंग पोळी भेटन."

दारामागे हर्षाचा चेहरा पांढरा पडला. नानाजींनी ताटातला हात उचलला आणि आदेशला उठायची खूण केली.

आत बंडूजींना शब्द न् शब्द ऐकू येत होता. उभं राहता येईना, ओरडायची सोय नाही. मग ते दोन्ही हात टेकून, कण्हत कण्हत, उंबरठ्यापर्यंत रांगत आले. तिथं कंबरेत अशी चमक निघाली की कपाळ थेट फरशीला टेकलं.

मुलीचा बाप पायाशी! नानाजी ताट ओलांडून धावले.

"अहो सोयरे, असं काऊन करून राह्यले? एवढ्याशा गोष्टीची माफी असते काय?"

"मले उठवा," बंडूजी फरशीला म्हणाले.

सपनानं तेवढ्यात सांगून टाकलं की जपानात माफी अशीच मागतात आणि आमच्या घरी आता सगळं तसंच असतं. नानाजींचे डोळे भरून आले. एवढा नम्र सोयरा त्यांनी अख्ख्या जिल्ह्यात पाहिला नव्हता. त्यांनी जागच्या जागी होकार दिला आणि मग मागून मागून पोळ्या खाल्ल्या.

आता खरं सांगावं तर जमलेलं मोडायचं. त्यामुळे देवळीभर बंडूजींच्या नम्रतेची तारीफ चालते आणि ते दुकानात दात खात बसतात. कालच पवनारहून निरोप आला. साखरपुड्याला सोयऱ्यांसाठी दाराशी गादी अंथरणार आहेत, आणि तो नमस्कार पाहायला नानाजींचे सगळे भाऊबंद यायचे आहेत.