महाराजांच्या कोटाची पाठ

एका जंगलात झाडं कमी आणि ठराव जास्त होते. तिथे भीमकेसरी नावाचा सिंह राज्य करायचा. त्याच्या पोशाखखान्यावर साळूबाई नावाची सायाळ होती. कपडे उन्हात टाकायचे, झटकायचे, कसर लागू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. बाई पापभीरू. पाठीवर काट्यांचं रान, पण उभ्या जन्मात कुणाला टोचली नव्हती.

तर बाळांनो, महाराजांचा एक लाल मखमली कोट होता. राज्याभिषेकाच्या वाढदिवशी तोच घालून ते प्रजेपुढे भाषण करत. यंदा कोट अंगात चढला, पण बटणं काही काजापर्यंत पोचेनात.

राज्य चांगलं चाललं की राजाचं पोट सुटतंच. प्रजेचं सुटत नाही, ते वेगळं.

टिपाजी नावाच्या शिंपी पक्ष्याला बोलावलं. त्यानं माप घेतलं.

"चार बोटं वाढवावा लागेल, महाराज."

"म्हणजे आम्ही वाढलो?"

टिपाजीला दरबाराची सवय नव्हती. तो "हो" म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याला हद्दपार केलं.

प्रधान होते तरसपंत. त्यांनी लगोलग दवंडी पिटवली. "महाराज वाढलेले नाहीत. कोट आखडला आहे. सबब, या राज्यात सुई, दोरा आणि मोजपट्टी आजपासून बंद!"

मग ते साळूबाईकडे वळले. "बाई, कोट मोठा करा. टाका मात्र घालायचा नाही."

"आणि नाही झाला तर?" साळूबाईनं भीत भीत विचारलं.

"तर काय? महाराजांना भूक तर लागतेच."

साळूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं कोट पाण्यात भिजवला आणि दोन वानरांना दोन्हीकडून ओढायला लावलं. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबल्या. पोटाशी सुतभर फरक पडला नाही. मग तिनं महाराजांना हात जोडून श्वास रोखायला सांगितलं. महाराजांनी रोखला. बटण तुटलं ते थेट तरसपंतांच्या डोळ्यावर बसलं. पंतांनी ते कपाळाला लावलं आणि प्रसाद म्हणून खिशात टाकलं.

समारंभ तोंडावर आला. बाहेर प्रजा जमली, ढोल वाजू लागले. साळूबाईनं मन घट्ट केलं आणि कोट पाठीमागून कॉलरपासून खालपर्यंत सरळ कापला. सिंहासनाच्या गादीची लाल खोळ काढून त्या फटीत सरकवली. आता ती जोडायची कशानं? तिनं डोळे मिटले आणि स्वतःच्या पाठीवरचा एक काटा उपटला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक काट्याला डोळ्यांत पाणी यायचं. ते पुसत तिनं काट्यांनी कापडाला कापड टोचलं आणि वरून महाराजांच्या खांद्यावर शेला टाकला.

पुढून उरलेली बटणं लागली. महाराजांनी आरशात पाहिलं. "बघा पंत, कोटाला अक्कल आली."

आता, भीमकेसरींचं भाषण म्हणजे प्रजेची वामकुक्षी. त्या दिवशीही जांभया सुरू झाल्या होत्या.

"प्रजाजनहो, यंदा ओढा आटला. तुमची पिल्लं तहानलेली आहेत, हे ऐकून आम्हाला..." असं म्हणत महाराज सिंहासनाला टेकले.

आणि काटे लागले.

"आऽऽऽ!"

सगळं रान हादरलं. प्रजा ताडकन जागी झाली. महाराजांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अरे, राजा रडतोय!" एक म्हातारा रेडा गहिवरला. "आपल्या ओढ्यासाठी रडतोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराज पुन्हा टेकले, पुन्हा किंचाळले, पुन्हा टाळ्या. हरणींनी पदर डोळ्याला लावले. ओढ्यात पाणी कधी येणार, हे विचारायचं सगळे विसरून गेले.

पडद्यामागून साळूबाई सगळं पाहत होती. समारंभ संपताच तिला आत बोलावणं आलं. तिनं मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

"साळूबाई," महाराज पाठ चोळत म्हणाले, "जीव गेला असता आमचा."

"चुकलं, महाराज."

"टाळ्या ऐकल्यास ना? पुढच्या भाषणाला दोन काटे जास्त लाव."

काट्यांची बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवसापासून साळूबाईच्या बिळापुढे रांग लागली. लांडगे आले, कोल्हे आले, बिबटे आले. ज्यांचे कोट नीट बसत होते तेही कोटाची पाठ फाडून आले. एक हडकुळा ससा तर म्हणाला, "मला नुसतं टोचलं तरी चालेल, पण दरबारी दिसलं पाहिजे."

नाही म्हणायचा तिचा स्वभाव नव्हता. ती काटे उपटून देत राहिली. शेवटी तिची पाठ चिंचोक्यासारखी गुळगुळीत झाली. तेव्हा ती तरसपंतांकडे गेली.

"पंत, काटे संपले. आता माझं रक्षण कोण करणार?"

"नवे उगवा की," पंत म्हणाले. "बंदी शिवण्यावर आहे, उगवण्यावर नाही." आणि त्यांनी तिला 'वनभूषण' पदवी दिली.

पदवी घेऊन ती घरी निघाली. वाटेत बिबट्या आडवा आला. सवयीनं साळूबाईनं पाठ फिरवली आणि अंग फुलवलं. फुलवायला काहीच नव्हतं.

"ओळखलंत का?" बिबट्यानं अदबीनं विचारलं. "परवा तुम्हीच माझा कोट वाढवून दिलात. फार उपकार झाले."

"मग जाऊ द्या ना मला, भाऊ."

"उपकार विसरणार नाही," बिबट्या म्हणाला आणि त्यानं तिला खाल्लं.

जेवण अंमळ जडच झालं. बिबट्याचा कोट पोटावर ताणला गेला आणि बटण तुटलं. पुढे एकेकाचं असंच होत गेलं. काटे लावायला आता कुणीच नव्हतं. मग तरसपंतांनी नवी दवंडी पिटवली. "यापुढे या जंगलात कोटाची बटणं लावणं असभ्य समजलं जाईल!"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पोटं बाहेर आली.

तात्पर्य: बाळांनो, थोरांची लाज झाकायला आपल्या पाठीवरचे काटे खुशाल द्यावेत. बिनकाट्याचा प्राणी दिसायला सभ्य दिसतो, आणि घशातही अडकत नाही.