दावणीचा बसवण्णा

सोमवार होता. जगदेवप्पांनी पूजा आटोपली, वाडगाभर हुग्गी, गव्हाची गुळातली खीर, निवायला ठेवली आणि ते परसदारी बाजेवर येऊन बसले. थोड्या वेळानं शेजारच्या हणमंतरावांचा म्हातारा बैल कुंपणाच्या वाटेनं आपणहून आत आला, गोठ्यात जाऊन मधल्या खुंट्यापाशी उभा राहिला. पुढ्यात आलेला वाडगा त्यानं चाटून स्वच्छ केला आणि आला तसा तो परत गेला. जनवाड्यात याचं कुणाला नवल नव्हतं. दहा-अकरा वर्षं दर सोमवारी हे असंच चालत आलं होतं.

नवल वाटलं ते कमलनगरच्या गुंडेरावांना. महायुद्ध संपलं होतं, जहाजं पुन्हा सुरू झाली होती आणि गुंडेरावांचा थोरला मुलगा शिकायला विलायतेला निघाला होता. जगदेवप्पांची लेक राजूबाई कॉलेजात असताना समुद्र ओलांडून आलेली. अशा वेळी काय काय जपावं लागतं ते जगदेवप्पांना विचारावं म्हणून ते मुद्दाम आले होते.

"ह्यो बैल कुणाचा म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

"बैल हणमंतरावचा. पर आत बसवण्णा हाय, म्हादेवाचा नंदी," जगदेवप्पा म्हणाले. "तुमाला दर्शन झालं. पोराचं काम झालंच समजा."

राजूबाई बीदरला मुलींच्या शाळेत शिकवायची आणि सुट्टीला घरी आली होती. आत चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं ते ऐकलं आणि चहाचं आधण वाढवलं. अप्पांची ही गोष्ट एका कपात संपत नसे. ते सुपारी कुठं कातरणार, कुठं थांबून ऐकणाऱ्याच्या हसण्याची वाट बघणार, हे सगळं तिला पाठ होतं.

जगदेवप्पा सांगत ती हकिकत अशी.

हैदराबादच्या कॉलेजातल्या मुलींची अभ्यासाची सहल सिलोनला जायची ठरली आणि निवडलेल्या मुलींत राजूबाईचं नाव आलं. जनवाड्यातली बाई तोवर लांब गेली ती फार तर माहेरी. मागोमाग कॉलेजकडून नियमांचा उर्दूत छापलेला कागद आला. जगदेवप्पांनी तो ओसरीवर बसून साऱ्यांना ऐकू जाईल असा वाचला. देवीची लस टोचून घ्यावी, तिचा वण दंडावर दिसावा. पटकीची सुई घ्यावी. पाणी उकळून प्यावं. निघण्याआधीचा पंधरवडा मुलीनं वेगळ्या खोलीत काढावा, बाहेरच्या माणसाला भेटू नये, बाहेरच्या हातचं खाऊ नये. घरात कुणालाही ताप, पुरळ, हगवण यांपैकी काही नाही, असा दाखला डॉक्टरांनी घरी येऊन, बघून द्यावा. यातलं एक जरी चुकलं तरी बोटीवर घेणार नाहीत. मुलीची जागा दुसरीला जाईल.

ते शेवटचं वाक्य जगदेवप्पांनी दोनदा वाचलं. मग त्यांनी कंबर कसली. लस आधी स्वतःला टोचून घेतली. "काय होतंय ते मला तरी कळू दे," असं म्हणून सुजलेला दंड घेऊन गावभर हिंडले. पाण्याचं तर त्यांनी असं मनावर घेतलं की गोठ्यातल्या बैलांनाही उकळून निववलेलं पाणी सुरू झालं.

"बैलं काय सिलोनला जायलीत का?" बायकोनं, सिद्धव्वानं, विचारलं. सरपण तिलाच आणायला लागत होतं.

"घरातलं कुणीबी म्हणून लिवलंय. बैल घरातला न्हाई का?"

राजूबाईची रवानगी माडीवरच्या खोलीत झाली. तिथं एक खाट, पुस्तकांची पेटी आणि परसाकडं उघडणारी खिडकी होती. जेवण दाराशी ठेवलं जाई. इथवर सगळं कागदाप्रमाणं चाललं.

पण जनवाड्याची रीत कागदात नव्हती. लांबच्या वाटेला निघालेल्याच्या तोंडात भावकीतल्या आणि शेजारातल्या प्रत्येक घरचा घास पडावा लागे. घास खाऊन गेलेला माणूस परत येतो, एखाद्या घरचा राहिला तर वाट अडते, असं बायका म्हणत. इथं तर वाट पाण्यातली होती. पहिल्याच दिवशी हणमंतरावांची सोजराबाई धपाट्यांची चवड घेऊन दारात उभी राहिली.

"बाहेरच्या हातचं चालत न्हाई, सोजराबाई," जगदेवप्पा दार अडवून म्हणाले.

"कामून? माझ्या हाताला काय रोग झालाय?"

"मी न्हाई म्हणत, ह्यो कागद म्हणायलाय."

"कागदानं कवा धपाटं खाल्लंय का? लेकरू समिंदर वलांडायलंय आन् शेजारणीचा घास नको? उद्या काय कमीजास्त झालं तर माझ्या नावानं बोटं मोडचाल."

ती पायरीवरच बसली. तिच्या मागं पलीकडच्या घरची लिंगम्मा पुरणाचे कडबू घेऊन आली, तीही बसली. सिद्धव्वाचा धीर सुटला. तिनं नवऱ्याला आत बोलावून सांगितलं की बोट चुकली तरी चालेल, पण एकाही घरचा घास चुकता कामा नये. शेवटी मठात राहणाऱ्या माणिकप्पांना विचारायचं ठरलं. रीतीभातीचं कोडं गावात तेच सोडवत. माणिकप्पांनी डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं, "बापाच्या तोंडात पडलेला घास लेकीला पोचतो. पर सोडायचा न्हाई एकबी, आन् पानात टाकायचं न्हाई."

सगळ्यांचं समाधान झालं. जगदेवप्पा ओसरीवर पाट मांडून बसले.

गावात घास म्हणजे ताट हे त्यांना दुपारपर्यंत कळून चुकलं. धपाटी झाली, कडबू झाले, होळगी म्हणजे पुरणपोळी झाली, अंबाडीची भाजी आणि तिच्यावर लसणाचं तिखट तेल झालं. मागच्या गल्लीतल्या मोमिनांकडून खोबऱ्याची बर्फी आली. ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं तेही ताट घेऊन आले, कारण मुलीच्या वाटेशी बांधाचं काय भांडण. दुसऱ्या दिवशी हेच, तिसऱ्या दिवशी हेच. वरच्या अंगाची घरं संपेपर्यंत खालच्या अंगाच्या घरांना कळलेलं असायचं.

"तू घे की यातलं थोडं," जगदेवप्पा एकदा हळूच बायकोला म्हणाले.

"बापाच्या तोंडात म्हणलेत. मी काय बाप हाय का?"

पंधरवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी बीदरहून डॉक्टर यायचे होते, आणि सकाळीच सिद्धव्वाच्या माहेरचे, मुडबीचे पाहुणे कढईभर हुग्गी घेऊन दाराशी उतरले. ज्या गाडीतून आले ती पुढं निघून गेली होती. जगदेवप्पांनी हुग्गी संपवली. बाहेरची माणसं डॉक्टरांच्या नजरेला पडू नयेत म्हणून स्वतःची गाडी जुंपून दिली आणि पाहुण्यांना परत मुडबीला धाडलं. गाडी वळणाआड गेली, आणि पंधरवडाभर गप्प असलेल्या पोटानं तोंड उघडलं.

आता पंचाईत अशी, की हे नुसतं खाण्यानं झालेलं आहे हे डॉक्टरांना वरून कळणार कसं? पटकीचे दिवस. घरात हगवण म्हटल्यावर ते दाखला रोखणार, आणि खरं काय ते कळेपर्यंत बोट निघून गेलेली असणार. जगदेवप्पांनी तोंडावर पाणी मारलं, पटका नीट केला आणि ओसरीवर ताठ बसले.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी शेरवानीची वरची गुंडी सैल केली, उकळलेलं पाणी मागून घेतलं, माडीवर जाऊन राजूबाईच्या दंडावरचा वण बघितला, खाली येऊन दाखल्याचा कागद मांडीवर घेतला.

"घर में किसी कू बुखार?"

"न्हाई साहेब."

"दस्त?"

"न्हाई साहेब. सगळे ठणठणीत." एवढं बोलून जगदेवप्पा उठले. "जरा बैलाला वैरण टाकून आलो."

त्यांनी कडब्याची पेंढी काखेत मारली, ती गोठ्यात टाकली आणि तसेच मागच्या ओढ्याकडं गेले. परत आले तेव्हा डॉक्टर 'पीने का पानी' या ओळीवर होते. पाणी कुठलं, किती वेळ उकळता, झाकता कशानं, हे सांगता सांगता जगदेवप्पांना पुन्हा बैलाची आठवण झाली. नंतर आणखी एकदा झाली. ओसरीवरची कडब्याची गंजी बसत चालली.

"बैल भौत खाताय जी तुमारा," डॉक्टर म्हणाले.

"खादाड हाय, साहेब. लहानपनापासून."

"इत्ता खाके बीमार पडेंगा. चलो, देखेंगे जरा."

डॉक्टर उठले. जगदेवप्पाही उठले, आणि तेव्हा त्यांना आठवलं की आपले दोन्ही बैल मुडबीच्या वाटेवर आहेत. गोठ्यात बैल नाही, नुसता कडब्याचा ढीग आहे. ओसरीपासून गोठा असा कितीसा लांब. पण तेवढ्या वाटेत, ते म्हणत, लेकीची बोट त्यांना तिला न घेताच किनारा सोडताना दिसली. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि बसवण्णाला हाक मारली.

दोघं कोपऱ्यावरून वळले. मधल्या खुंट्याला एक पांढरा बैल बांधलेला होता आणि कडबा खात उभा होता.

इथं जगदेवप्पा सुपारी कातरायला घेत. गुंडेरावांनी चहाचा कप तसाच हातात धरला होता.

"बैल हणमंतरावचा. ह्यो आत्ता बघितलाव तो. हणमंतराव गेलेला रानात. मग सोडला कुनी? बांधला कुनी?" जगदेवप्पांनी बोटांनी हवेत दाखवलं. "आन् दाव्याची गाठ बघा. माझ्या हातची न्हाई, हणमंतरावच्याबी हातची न्हाई. अशी फूल वाहिल्यावानी. दोन पाकळ्या हिकडं तिकडं. मानसाच्या हातची गाठच न्हवं ती."

"मग डाक्टर काय म्हनले?"

"डाक्टरनं बैल बघितला. कडबा बघितला. मग माझ्याकडं बघितलं लई वेळ. मला घाम सुटलेला. आन् म्हनतो कसा, इसकू चावल की पतली पेज देव, नमक डालके. उबला हुआ पानी देव. रात तक दुसरा कुछ नक्को. आन् तिथंच, बैलाच्या समोर, सही करून दिली." जगदेवप्पांनी सुपारी तोंडात टाकली. "हैदराबादेत शिकलेला डाक्टर, बैलाला पेज पाजा म्हनायलाय."

गुंडेराव पोटभर हसले. "मग पाजलाव का?"

"सिद्धव्वानं केली होती. बैल कुठला पितोय. मीच प्यालो, वाया कामून घालवायची? त्या पेजेनंच बरं वाटलं बगा मला."

आणि नेहमीप्रमाणं शेवटी म्हणाले, "राजव्वाला यातलं कायबी ठाव नव्हतं. मी कळूच दिलं न्हाई. बाप आजारी हाय म्हणून कळलं असतं तर ती गेली नसती."

राजूबाई दारात उभी होती. "आणखी चहा आणू का, अप्पा?" एवढंच तिनं विचारलं.

गुंडेराव उपदेश घेऊन गेले. लस आधी बापानं टोचून घ्यावी, पाणी उकळून प्यावं, आणि घास एकाचाही सोडू नये. दिवस मावळला. जेवणं झाली. माडीची पायरी चढताना राजूबाईला खालून अप्पांचा आवाज आला. "राजव्वा, पाणी उकळलंस का?"

"उकळलं, अप्पा."

सकाळी ते उठले नाहीत.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना त्यांच्याच मळ्यात बसवून माती दिली. माणसं येत राहिली. सगळी तीच गोष्ट सांगत होती, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत त्याच्या घरचं ताट सगळ्यात मोठं होतं. हणमंतरावांनी डोळे पुसत सांगितलं की त्या दिवसापासून आपण आपल्याच बैलाला कधी चाबूक लावला नाही. राजूबाई ऐकत होती. कुणी पाणी मागितलं की उकळलेलं देत होती. बोलण्यासारखं तिच्याजवळ होतं, पण इतकी वर्षं जे अप्पांना सांगितलं नाही ते इतरांना काय सांगायचं.

मग सोमवार आला. बैलाला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो कुंपणाच्या वाटेनं आला आणि मधल्या खुंट्यापाशी येऊन उभा राहिला.

"त्याचा घास ऱ्हायला की गं," सिद्धव्वा बाजेच्या पायाशी बसली होती, ती म्हणाली. बाजेवर कुणी बसत नव्हतं.

राजूबाईनं चूल पेटवली. हुग्गी शिजेपर्यंत बैल उभाच होता. निववून, वाडगा भरून तिनं त्याच्या पुढ्यात ठेवला, पण तो तोंड लावीना. रिकाम्या बाजेकडं बघत राहिला. तिनं त्याच्या मानेवरून हात फिरवला, लोंबणारं दावं उचललं, खुंट्याला वळसा दिला आणि गाठ मारली. कॉलेजात जाताना वेणीच्या फितीला मारायची तशी, दोन पाकळ्यांची.

बैलानं मान खाली घातली आणि तो खायला लागला.

सिद्धव्वा त्या गाठीकडं बघत राहिली. मग लेकीकडं. राजूबाईनं बाजेकडं तोंड केलं.

"अप्पा, बैल मी बांधला होता," ती मोठ्यानं म्हणाली. "गोठा रिकामा बघून मागल्या दारानं गेले आन् शेजारनं सोडून आणला. खिडकीतनं सगळं दिसत होतं मला. तुमी कितींदा ओढ्याकडं जायलाव, ते बी. मला ठाव होतं, आन् तरीबी मी गेले. तुमी खाल्लेले सगळे घास मला पोचले, अप्पा."